चार विरुद्ध एक

लोकमान्य टिळकांवरील १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्याची हकीकत महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात तो चालला, लोकमान्यांनी स्वतःच उभे राहून एकवीस तासांवर भाषण केले, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली, आणि मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले. हे सगळे वर्गात सांगून झाले की मी मुलांना एक आकडा सांगतो. ज्यूरीत नऊ माणसे होती. त्यांपैकी सात जणांनी 'दोषी' असे सांगितले आणि दोघांनी 'निर्दोषी' असे सांगितले. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, त्या दोघांनी काय कारण दिले?"

काहीच नाही. ज्यूरीने कारण द्यायचे नसते. लोकमान्यांचा कोणता मुद्दा त्या दोघांच्या मनाला भिडला, आतल्या खोलीत ते बाकीच्या सातांशी कसे भांडले, की नुसतेच मान हलवून गप्प बसले, यातले काहीही कागदावर राहिले नाही. 'सात विरुद्ध दोन' एवढेच उरले. पुढे पन्नास वर्षांनी, १९५९ साली, त्याच मुंबईत नानावटी खटला उभा राहिला. तेथे ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोषी ठरवले. सेशन्स न्यायाधीशांना तो कौल मुळीच पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तेथे नानावटींना जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे त्या नऊ जणांत जो एकटा पडला होता, त्याच्याच बाजूने शेवटी देशातले सर्वांत मोठे न्यायासन उभे राहिले. त्या गृहस्थाचे म्हणणे तरी कोठे वाचायला मिळते? नाहीच.

न्यायाधीशाचे मात्र असे नसते. त्याला कारणे द्यावी लागतात, ती लिहून द्यावी लागतात, आणि भर न्यायालयात वाचून दाखवावी लागतात. पाच जणांत एकटा पडला तरी त्याचे लिखाण निकालपत्रातच, बहुमताच्या शेजारी छापले जाते. मी वकील नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तरकी पत्करली, आणि वह्या तपासून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कायद्याची पुस्तके माझ्या हाती पडली ती एका कादंबरीतल्या खटल्याचे प्रकरण जुळवताना. पण ती कादंबरी बाजूला राहिली आणि ही निकालपत्रे वाचण्याचा नाद मात्र लागला. एकच हकीकत, तेच कागद, तेच कलम, आणि दोन शहाणी माणसे ती दोन तऱ्हांनी सांगतात. दोन्ही वाचून झाल्यावर वाचकाला आपले मत द्यावेसे वाटते. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

इंग्रजांच्या अमदानीत ही सोय सगळीकडे नव्हती. आपले शेवटचे न्यायालय तेव्हा लंडनला होते. आपल्याकडचे दत्तकाचे, वतनाचे, वाटणीचे दावे बोटीने प्रिव्ही कौन्सिलकडे जात. पुण्याचे गाजलेले ताई महाराज प्रकरणही तेथेच, १९१५ साली, लोकमान्यांच्या बाजूने सुटले. या प्रिव्ही कौन्सिलची रीत मोठी मजेदार. ती म्हणे न्याय देत नसे, राजाला सल्ला देत असे. आणि राजाला सल्ला द्यायचा तो एकमुखाने. आत पाच जणांची कितीही हमरीतुमरी होवो, बाहेर एकच कागद येई. भिन्नमत उघड करण्यास तेथे मोकळीक मिळाली ती १९६६ साली, आणि आपले तेथले जाणे-येणे तर १९४९ सालीच संपले होते. त्यामुळे हिंदुस्थानातून गेलेल्या दाव्यांत कोण एकटा पडला होता, ते त्या कागदावरून कळायला मार्गच नाही.

आपल्या राज्यघटनेने हा पडदा ठेवला नाही. घटनेच्या १४५ व्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. घटनेचा अर्थ लावण्याचा मोठा प्रश्न असेल तर निदान पाच न्यायाधीशांनी बसले पाहिजे. आणि निकाल बहुमताने व्हावा, परंतु ज्याला तो मान्य नसेल त्याला आपले भिन्नमत देण्यास काही आडकाठी नाही. साधारणतः पाच, सात, नऊ असा विषम आकडा धरतात तो याचसाठी. दोघेच बसले आणि दोघांचे जमले नाही, तर उच्च न्यायालयात तिसऱ्याकडे जावे लागते. मुंबईत अलीकडेच असे झाले. सरकारविषयीच्या मजकुराची शहानिशा सरकारी कक्षानेच करावी या नियमावर जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांची मते दोन दिशांना गेली. मग न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेले, त्यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबरमध्ये तो नियम रद्द झाला.

आमच्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत तीन परीक्षक असतात आणि आम्ही त्यांच्या गुणांची सरासरी काढतो. न्यायासनावर सरासरी नाही. चौघे म्हणाले 'सोडू नका' आणि एक म्हणाला 'सोडा', तर कैदी एकपंचमांश सुटत नाही. बहुमताचे म्हणणे तो कायदा. खालच्या सर्व न्यायालयांवर तो बंधनकारक. आणि भिन्नमत कितीही बिनतोड असले तरी त्याच्या जोरावर एक कुलूपही उघडत नाही. तरीही ते लिहायचे.

शिवाय बहुमत मोजणे हे दिसते तितके सोपे नसते. केशवानंद भारती खटला अडुसष्ट दिवस चालला, तेरा न्यायाधीश बसले, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी मिळून अकरा निकालपत्रे वाचली. संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ साचा मोडता येणार नाही, हे त्यातून निघाले ते सात विरुद्ध सहा असे. सहाजण एका टोकाला, सहाजण दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये न्यायमूर्ती हंसराज खन्ना. संसदेला अधिकार आहे म्हणून त्यांनी एका बाजूचे थोडे उचलले, पण त्याला मर्यादा आहे म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडे. आणि त्यांनी जे उचलले तेच देशाचा कायदा झाले. अकरा निकालपत्रांतून नेमके काय ठरले याचा घोटाळा होऊ नये म्हणून शेवटी एक पानभर सारांश काढला, तर त्याच्यावर सह्या नऊच. चौघांनी सही केली नाही. हे खन्ना नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता घटनेच्या पहिल्याच वर्षाकडे येतो. ए. के. गोपालन हे मलबारातले कम्युनिस्ट पुढारी. त्यांना चौकशीवाचून स्थानबद्ध करून ठेवले होते. प्रश्न घटनेच्या एकविसाव्या कलमाचा होता. 'कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीवाचून कोणाचेही जीवित अथवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही' असा त्याचा भावार्थ. मग विधिमंडळाने कसलीही पद्धत ठरवून दिली तरी चालेल का? मे १९५० मध्ये सहा न्यायाधीशांतील बहुमताने जवळजवळ असेच म्हटले : कायदा झाला, त्यात पद्धत लिहिली, ती पाळली, न्यायालयाने त्यापलीकडे पाहू नये. न्यायमूर्ती फाजल अलींना हे पटेना. त्यांनी लिहिले की पद्धत म्हटली म्हणजे माणसाला आरोप कळला पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, ऐकणारा निःपक्षपाती पाहिजे आणि सारे रीतसर झाले पाहिजे. आणि मूलभूत हक्क म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले बंद डबे नव्हेत.

फाजल अली हे नाव मराठी माणसाने ऐकले ते निराळ्याच कारणाने. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष तेच. त्यांच्या १९५५ च्या अहवालाने मुंबईचे द्वैभाषिक सुचवले, विदर्भ वेगळा काढला, आणि संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. आमच्या आजोबांच्या पिढीत त्यांचे नाव चांगल्या शब्दांत कोणी घेतले असेल असे वाटत नाही. पण ज्या माणसाने आम्हांला मुंबई नाकारली, त्यानेच त्याच्या आधी पाच वर्षे, एकट्याच्या हिमतीने, आमच्या प्रत्येकाच्या स्वातंत्र्याचा असा कैवार घेतला होता, हे कळल्यावर मी तरी थोडा वेळ गप्प बसलो. जाता जाता, त्या आयोगाच्या अहवालालाही एक भिन्न टिपण जोडलेले आहे : सदस्य पणिक्कर यांचे, उत्तर प्रदेशाच्या विभाजनाविषयी.

१९६२ साली खडकसिंग नावाच्या इसमाचा खटला आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी तो सुटला होता, तरी उत्तर प्रदेशचे पोलीस त्याच्यावर पाळत ठेवीत आणि मध्यरात्री दार ठोठावून त्याला उठवीत. रात्रीचे दार ठोठावणे सर्वच न्यायाधीशांनी बेकायदा ठरवले. पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असे बहुमत म्हणाले आणि पाळत चालू राहिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांना बरोबर घेऊन, भिन्नमत लिहिले : ज्याच्या मागे सारखा शिपाई उभा आहे, तो मोकळा हिंडतो असे कसे म्हणावे?

आणि मग १९७५ साल. २५ जूनला आणीबाणी पुकारली गेली, दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला की कलम १४, २१ आणि २२ च्या हक्कांसाठी कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. मिसाखाली हजारो माणसे तुरुंगात गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आमच्या साहित्याच्या इतिहासात ते वर्ष कऱ्हाडच्या संमेलनाचे म्हणून नोंदलेले आहे. अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे त्याही तुरुंगात गेल्या.

अशा स्थानबद्धांचे अर्ज देशभरच्या उच्च न्यायालयांत दाखल झाले. अर्ज 'हेबिअस कॉर्पस'चा, म्हणजे 'ज्याला धरले आहे त्याला आमच्यापुढे आणा आणि का धरले ते सांगा' एवढाच. बंगलोरच्या तुरुंगात वाजपेयी आणि अडवाणींबरोबर आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. त्यांचाही अर्ज त्यांत होता. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की हुकूम असो वा नसो, अटक निदान कायद्याप्रमाणे झाली की नाही एवढे तरी आम्ही पाहू. सरकार त्यावर अपिलात गेले. जबलपूरच्या शिवकांत शुक्ल यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. पाच न्यायाधीश बसले : सरन्यायाधीश अजितनाथ राय, खन्ना, बेग, यशवंत चंद्रचूड आणि भगवती. स्थानबद्धांच्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते.

सुनावणी चालू असता खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले की कलम एकवीस जीविताचेही आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार मारले तर आपल्या म्हणण्याप्रमाणे त्यावर इलाज आहे का? उत्तर आले की आणीबाणी आहे तोवर इलाज नाही. सरकारचा वकील ही गोष्ट भर न्यायालयात कबूल करतो, आणि तरी त्याच्या बाजूने चार न्यायाधीश जातात, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चौघे म्हणाले की हुकूम स्पष्ट आहे, न्यायालयाचे दार बंद आहे. त्यांच्यावर अन्याय न करता सांगायचे तर त्यांचा युक्तिवाद असा : स्वातंत्र्याचा हक्क घटनेने दिला, घटनेनेच आणीबाणीत तो स्थगित करण्याची सोय ठेवली, ती सोय वापरली गेली, आता न्यायाधीशाने आपल्या मनची घटना लिहू नये. अक्षर पाहिले तर यात खोट काढणे सोपे नाही. पण अक्षर संपले तेथे हे न्यायमूर्ती थांबले नाहीत. सरकार स्थानबद्धांची मातेसारखी काळजी घेते अशा अर्थाचे बेग यांनी लिहिले, आणि चंद्रचूडांनी असे काही होणार नाही अशी आपली आशा हिऱ्याच्या उपमेने सांगितली. निकालपत्रात आशा लिहावी लागली, तेथेच मला त्या युक्तिवादाची डगमग दिसते.

खन्ना एकटे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जगण्याचा हक्क कलम एकवीसने जन्माला घातलेला नाही. घटना होण्यापूर्वी, इंग्रजाच्या राज्यातही, सरकारी अंमलदाराला कायद्याच्या आधारावाचून कोणाला डांबता येत नव्हते. मग ते कलम क्षणभर बाजूला ठेवले म्हणून अंमलदाराला नवा अधिकार कोठून आला? निकालाच्या शेवटी त्यांनी एका जुन्या अमेरिकन सरन्यायाधीशांचा विचार सांगितला, की शेवटच्या न्यायालयातले भिन्नमत हे उद्याच्या शहाणपणाकडे केलेले अपील असते.

बहुमताने आधाराला घेतलेल्या निकालांत विलायतेतला १९४१ चा लिव्हरसिज खटला होता. महायुद्ध चालू होते, मंत्र्याने एका माणसाला अटकेत टाकले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्याला 'कारण सांग' म्हणायचे नाकारले. तेही चार विरुद्ध एक! तो एक म्हणजे लॉर्ड ॲटकिन. त्यांनी असे झोंबणारे लिहिले की पीठाचे अध्यक्ष लॉर्ड मॉम, जे कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांचे बंधू, त्यांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून नाराजी जाहीर केली. पण युद्ध संपल्यावर इंग्लंडातले कायदेपंडित हळूहळू ॲटकिनकडेच वळले. म्हणजे आपल्या चौघांनी जो आधार घेतला, तो खुद्द मायदेशात तेव्हाच खिळखिळा झालेला होता.

खन्नांना आपण काय करतो आहोत ते पुरते ठाऊक होते. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे : निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी असता ते बहिणीला म्हणाले, की मी जो निकाल लिहिला आहे त्यापायी माझे सरन्यायाधीशपद जाणार. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता त्यांची असताना बेग यांना सरन्यायाधीश नेमले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांचे स्मारक व्हावे अशा अर्थाचे लिहिले होते. येथे मात्र ते शांतपणे घरी गेले. त्यांच्या भिन्नमताने येरवड्याचा एकही दरवाजा उघडला नाही, हेही सांगितले पाहिजे. दरवाजे उघडले ते निवडणुका जाहीर झाल्यावर.

येथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण असे लेख वाचून भिन्नमत म्हणजे शौर्य आणि बहुमत म्हणजे भ्याडपणा अशी सोयीची समजूत होते. १९७० साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात दहा विरुद्ध एक असा निकाल झाला. तो एकटा पडलेला न्यायाधीश म्हणजे हेच अजितनाथ राय, आणि ते सरकारच्या बाजूचे होते. केशवानंद खटल्यातही ते अल्पमतात होते, आणि दुसऱ्याच दिवशी तिघा ज्येष्ठांना डावलून त्यांनाच सरन्यायाधीश केल्याचे जाहीर झाले. एकटेपणाला असे बक्षीसही मिळते. तेव्हा कोण एकटा आहे हे पाहून भागत नाही; त्याने लिहिले काय, ते वाचावे लागते.

तसाच दुसरा अन्याय यशवंतराव चंद्रचूडांवर होतो. ते पुण्याचे, म्हणून मी त्यांची बाजू घेतो असे कोणी म्हणू नये. जबलपूर निकालातले त्यांचे मत चुकीचेच होते. पण १९७८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात संसदेला अमर्याद सत्ता देणाऱ्या तरतुदी त्यांनीच रद्द केल्या. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ रोजी, मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात त्यांनी लिहिले की जीविताच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. कलम तेच, एकविसावे. त्या गरिबांच्या झोपड्या यामुळे वाचल्या नाहीत, हे खरे. कायद्याचे पाऊल मात्र पुढे पडले.

भिन्नमतांचे पुढे काय झाले? फाजल अलींचा बंद डब्यांविरुद्धचा मुद्दा १९७० च्या बँक खटल्यात मान्य झाला आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालात पद्धत न्याय्य असलीच पाहिजे हेही ठरले. अठ्ठावीस वर्षे लागली. खन्नांच्या बाबतीत संसदेनेच काम केले : १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम वीस आणि एकवीस आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे घातले. तरी जबलपूरचा निकाल पुस्तकात तसाच पडून होता. भगवतींनी २०११ साली उघडपणे चूक झाल्याचे सांगितले. खन्ना २००८ मध्येच वारले होते.

शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाचा हक्क मान्य केला. त्यांतले न्यायमूर्ती बोबडे नागपूरचे. न्यायमूर्ती नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात तीन थोर भिन्नमते सांगितली, ती हीच : फाजल अली, सुब्बा राव, खन्ना. आणि चौघांच्या वतीने जे मुख्य निकालपत्र वाचले गेले, त्यात जबलपूरचा निकाल गंभीर चुकांचा असल्याचे सांगून तो रद्द केला होता. ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांच्या निकालाविषयी लिहिताना कादंबरीकाराने तेथे दोन परिच्छेद हळवे घातले असते. निकालपत्रात तसे काही नाही. इतरांच्या चुका जशा दाखवाव्यात तशाच दाखवल्या आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या दालनात, जेथे खन्ना बसत, तेथे त्यांचे तैलचित्र लावले आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी धनंजय चंद्रचूडांच्या जागी सरन्यायाधीश म्हणून ज्यांनी शपथ घेतली ते न्यायमूर्ती संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे. चुलत्यांच्या हातून निसटलेल्या खुर्चीवर ते सहा महिने बसले आणि मे २०२५ मध्ये वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले.